पहिल्या दाताचं रेनडिअर

कुणीही काही म्हणो, राव्ना त्या रविवारी तळ्यावर मासे धरायला आली नव्हती. ती दात धरायला आली होती.

गळ तिच्या हातात होता, हे खरं. तिच्या भाच्याने, आस्लातने, हातभर जाड बर्फाला पाडलेल्या भोकापाशी ती रेनडिअरच्या कातड्यावर पालथी पडली होती आणि अधूनमधून दोरीला हलकासा झटका देत होती, हेही खरं. पण तिचे कान मागे लागले होते. मागे शेकोटीजवळ तिची भाचेसून एले माह्तेला मांडीवर घेऊन बसली होती, आणि आठ महिन्यांचा माह्ते मिळेल ती वस्तू हिरड्यांनी चावत होता. आईची वेणी, चाकूचं म्यान, बहिणीचा हातमोजा, काही म्हणून सोडत नव्हता. गेले पंधरा दिवस त्याची लाळ अशी गळत होती, की त्या वर्षी नदीचा बर्फ त्यानेच फोडला, असं पुढे कितीतरी वर्षं त्या भागात सांगत असत.

बाळाचा पहिला दात ज्याच्या नजरेला आधी पडतो त्याने बाळाला एक रेनडिअर द्यायचं, ही रीत. त्यात सूट नाही, सबब नाही. म्हणून हात आखडता असलेले नातेवाईक दात यायच्या दिवसांत बाळाकडे पाठ करून बसतात, बाळ हसलं तर डोळे मिटून घेतात, आणि राव्नाचा एक चुलता तर भाचीला दात येईपर्यंत तीन महिने पलीकडच्या खोऱ्यात जाऊन राहिला होता. राव्नाचं उलटं होतं. तिला तो दात हवा होता. तिच्याशिवाय तो कुणालाही आधी दिसता कामा नये, म्हणून गेल्या महिन्याभरात तिने माह्तेच्या तोंडात इतक्या वेळा डोकावून पाहिलं होतं, की ती दिसली की पोरगं आपणहून जबडा उघडायचं.

तिच्याकडे एकच जनावर उरलं होतं. गाब्बा. नावाप्रमाणे शेपटीपासून नाकापर्यंत पांढरी मादी, आता वयस्क, पण यंदा दोन वर्षांनी गाभण. गाब्बाच्या कानांत राव्नाची मालकीची खूण होती, जी राव्नाच्या आईची होती, जी तिच्या आईची होती. उजव्या कानाचं टोक छाटलेलं, डाव्या कानाला मागच्या कडेने दोन खाचा. राव्नाला मूलबाळ नव्हतं. गाब्बा गेली की ती खूणही गेली. खुणांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयातला कुणीतरी पोरगा यादीतल्या त्या दोन कानांवर रेघ मारणार आणि जेवायला जाणार. पण गाब्बा जर माह्तेला दाताचं रेनडिअर म्हणून दिली, तर पोटातलं पाडसही त्याचं, आणि त्याच्या जनावरांची सुरुवातच त्या खुणेपासून. मग पोराला तीच खूण द्या म्हणायला तिला तोंड राहिलं असतं.

नुसतं मागायला तिची जीभ रेटत नव्हती. कारण मागायचं होतं योसेतकडे.

योसेत तिचा धाकटा भाऊ, आस्लातचा बाप, वय सत्त्याहत्तर. त्याची खूण म्हणजे हुबेहूब तिचीच, फक्त डाव्या कानाला दोनऐवजी एक खाच. कुंपणातली ती दुपार घरात सगळ्यांना पाठ होती. एकतीस उन्हाळ्यांपूर्वी, डासांच्या ढगात, योसेतने राव्नाची पाच पाडसं धरली, कान कापले, आणि दुसरी खाच द्यायची विसरला. पाचही पाडसं त्याची होऊन कुंपणाबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी तो कान धरून आला, म्हणजे स्वतःचे, आणि म्हणाला, ताई, उरलेली खाच आत्ता देतो, त्यात काय एवढं. कापलेला कान भरून येत नाही, पण आणखी कापायला कुणी अडवत नाही. राव्ना म्हणाली, तुझ्या दयेची खाच मला नको. त्याच हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला, गोठला, जनावरांना खालचं शेवाळ मिळेना, आणि तिचा कळप बोटांवर मोजण्याइतका झाला. भावाबहिणीने बोलणं टाकलं नाही. टाकलं असतं तर बरं, असं घरच्यांना वाटे, इतकं ती दोघं बोलत.

आता योसेतच्या कोटाच्या आतल्या खिशात एक कागद होता. त्यावर दोन कोरे कान छापलेले. माह्तेची खूण त्यात योसेतने काढली होती, आणि उद्या, सोमवारी, तो कागद आस्लात वाटेत टपालात टाकणार होता. कारण उद्यापासून सगळे कळपामागे उत्तरेला, समुद्राकडे निघणार होते.

"काय काढलंस रे कागदावर?" राव्नाने भोकात तोंड ठेवूनच विचारलं.

"कान काढलेत," शेकोटीपलीकडून योसेत म्हणाला.

"कान छापलेलेच असतात. त्यात काय काढलंस?"

"तुझे मासे पळतील ताई. हळू बोल."

झालं. तिची खात्री पटली. एकच खाच काढली असणार, आणि शोभेला खाली कुठेतरी एक नवा काप. एका खाचेचा माणूस दुसरं काय काढणार!

आणखी एक गोष्ट होती, जी फक्त राव्नाला ठाऊक होती. निदान तिला तसं वाटत होतं. दोन हिवाळे झाले, तिच्या डोळ्यांत कुणीतरी थेंब थेंब दूध ओतत होतं. ज्या बाईने तरुणपणी या काठावरून त्या काठावरच्या कोल्ह्याला डोळा मारताना पाहिलं होतं, आणि कोल्हा लाजून निघून गेला होता, त्या बाईला आता हातातली कॉफी वासावरून कळायची. ती कुणाला बोलली नव्हती. कळलं असतं तर उद्या तिला बरोबर नेलंच नसतं. गावात, भाचीच्या उबदार घरात ठेवून दिलं असतं, जिथल्या खिडकीतून समोरची खिडकी दिसते.

आणि तो दिवस तर दूध झालेल्या डोळ्यांसाठीच जणू घडवलेला. आकाश आणि बर्फ यांच्यातली शिवण उसवली होती. वरचं खाली आणि खालचं वर सांडत होतं. दूरचे डोंगर जमिनीला न टेकता तरंगत होते. रात्रीच्या गारठ्याने कडक झालेला थर दुपारच्या उन्हात मऊ पडू लागला होता आणि सगळ्या पठारावर एक बारीक, अखंड टिपटिप चालली होती, जसे झोपेत कुणी ओठ हलवावेत. बुटक्या भूर्जांतून पांढरे तित्तर आपल्याच विनोदाला हसत होते. सूर्याला मावळायची घाई राहिली नव्हती. चार वर्षांचा पिएरा टेकाडावरून घसरगाडीत पोटावर पडून खाली यायचा, तळ्यावर गोल गोल फिरून थांबायचा, आणि थांबल्यावरही बराच वेळ तसाच पडून असायचा. ढग चाललेत की आपण, हे त्याचं ठरत नसे.

"गाब्बा! ये गं बाई, ये." राव्ना उठून बसली आणि काठाजवळच्या पांढऱ्या आकाराकडे तिने शेवाळाची मूठ धरली. "कशी उभी आहे बघा, पोट घेऊन. ये."

आकार हलला नाही.

"आत्याआजी," पिएरा घसरगाडीतून म्हणाला, "तो दगड आहे."

शेकोटीजवळ कॉफीचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मला माहीत नाही का?" राव्ना म्हणाली. "दगडांनापण बोलवावं लागतं. सहा महिने बर्फाखाली असतात बिचारे, कुणी हाक मारत नाही. माझ्या आईने एका दगडाला दर वसंतात हाक मारली, तर अकराव्या वर्षी तो दोन पावलं पुढे आला होता. विचार तुझ्या आजोबाला."

"दोन नाही," योसेत म्हणाला. "दीड."

सहा वर्षांची सुन्ना खुदकन हसली. ती आजोबांच्या शेजारी बसून संत्र्याच्या सालींचे कान कापत होती. पठारावर वसंतात बाहेर पडायचं म्हणजे पिशवीत संत्री हवीतच, आणि सालीचे दोन लांबट तुकडे समोर ठेवले की ते हुबेहूब पाडसाचे कान दिसतात. मुलं त्यावरच खुणा कापायला शिकतात. सुन्नाच्या पुढ्यात एव्हाना सहा-सात जनावरांचे कान पडले होते.

"आत्याआजी, सावलीची गोष्ट सांग ना."

"ती उगाच सांगायची नसते. सावल्या ऐकतात." पण राव्ना कातड्यावर सरकून बसली. "असाच दिवस होता. ऊन असं, की माणसाची सावली बर्फावर पडली की वितळून आत जायची, आणि सांजेला गारठा पडला की तिथेच गोठायची. शहाणी माणसं दुपारी सावली पायाखाली गोळा करून ठेवत. तुझा आजोबा तेव्हा पिएराएवढा. बसला माशांच्या भोकापाशी पेंगत. उठला तर सावली हलेना. मी चाकूने खरवडून काढली, कडेकडेने. जरा घाईच झाली. एक तुकडा तिथेच राहिला."

"कुठला?"

"डाव्या कानाचा. तेव्हापासून त्याला डाव्या कानाचं काही लक्षात राहत नाही."

आस्लात मोठ्याने हसला. योसेतही हसला असावा. त्याच्या पाइपातून धूर तुटक तुटक आला.

"एकतीस वर्षं झाली ताई."

"खाच एकच होती. वर्षं तुला लागली."

एले उठली, चर्र चर्र करत बर्फावरून आली आणि माह्तेला तिने सरळ राव्नाच्या मांडीत ठेवलं. "आत्या, धरा जरा. मला चीज कापायचंय."

आज सकाळपासून ही चौथी वेळ. आधी चूल, मग लाकडं, मग मोजा हरवला होता, आता चीज. ही पोरगी आळशी कधीपासून झाली? एले समुद्राकाठची, मच्छीमारांच्या घरची. तिच्याकडे ही रीतच नव्हती. तिला दाताशी काय देणंघेणं? की सासऱ्याने पढवलंय? म्हातारीला पोर सांभाळण्यात गुंतवा, म्हणजे ती तोंडात बघायची दमेल, आणि मग हळूच...

राव्नाने माह्तेची हनुवटी धरली. माह्तेने शहाण्यासारखा जबडा उघडला. आत एक गुलाबी धुकं होतं. ऊन त्यात शिरत होतं आणि तिथेच विरघळत होतं. तिने मान कलती केली, डोळे बारीक केले, मोठे केले.

शेकोटीजवळ चाकूचा आवाज थांबला होता.

"काही नाही," ती म्हणाली. "हिरड्याच आहेत अजून."

कुणीतरी लांब श्वास सोडला. दोघांनी सोडला. राव्नाला तो श्वास बरोबर कळला. सुटकेचा! म्हणजे सगळेच टपून बसलेत.

"आत्या," आस्लात म्हणाला, "उन्हाकडे तोंड करून बघितलंस का? म्हणजे त्याचं तोंड. खालच्या बाजूला. पुढे."

"मला शिकवतोस? तुझा दात मीच पाहिला होता. पाऊण मैलावरून. तू पाळण्यात रडत होतास, मी टेकडीवर लाकडं तोडत होते. कुऱ्हाड टाकून ओरडले, दात! तुझी आई घाबरून बाहेर आली."

"हो, पण तरी—"

"राहू दे आस्लात," एले हळू म्हणाली, आणि त्या हळू बोलण्याचाच राव्नाला संशय आला. नवरा-बायको एका बाजूला, सासरा दुसऱ्या बाजूला, की तिघं एकत्र? सुन्ना तर आजोबांच्या मांडीला चिकटलेली. पिएरा कुणाच्या बाजूने आहे ते त्याला खाऊ कोण देतं यावर. सगळ्या तळ्यावर आपल्या बाजूने एक गाब्बा, आणि ती नेमकी कुठे उभी आहे हेसुद्धा आपल्याला धड दिसत नाही. तिने माह्तेच्या टोपीला नाक लावलं. टोपीला धुराचा, दुधाचा आणि उन्हाचा वास येत होता. बघ बाबा, ती त्याला मनातल्या मनात म्हणाली, आज दात दिसला तर दिसला. उद्या कागद जाईल.

कॉफी झाली. योसेत स्वतः तिची वाटी घेऊन आला. लाकडी वाटीतल्या कॉफीत चीजचे तुकडे मऊ होत होते, वर वाळक्या मांसाचे कीस तरंगत होते. तो तिच्याशेजारी कातड्यावर बसला, गुडघे कुरकुरले. त्याच्याही हातात संत्र्याची साल होती आणि चाकू होता. तो काहीतरी गुणगुणत होता. शब्द नसलेली, वर चढून मध्येच वळणारी धून. इथे प्रत्येक माणसाला आपली एक धून असते, आणि ती माणसाबद्दल नसते, ती म्हणजे तो माणूसच. राव्नाला ओळखीची वाटली, पण चिडलेली असल्यामुळे तिने ती ओळखली नाही.

"ताई, हे घे." त्याने खिशातून चांदीचा छोटा चमचा काढला. आईचा चमचा. दांड्याला लोंबणाऱ्या कड्या किणकिणल्या. "यातून जरा चीज भरव त्याला. हळूच. खालच्या बाजूने."

"चमचा कशाला?"

"असंच. चांदीचा आवाज चांगला असतो."

आता मात्र तिच्या लक्षात आलं. म्हणजे मी चमचा धरणार, पोरगं तोंड उघडणार, आणि हा माझ्या खांद्यावरून वाकून आधी बघणार! सत्त्याहत्तर वर्षांचा झाला, डाव अजून पिएराचे.

"ठेव तुझा चमचा. मला बोटं आहेत."

"अगं, चमच्याने—"

"योसेत. मी बोटाने भरवणार."

तिने वाटीसोबत आलेल्या फोडलेल्या हाडातल्या मऊ मगजाचा एक थेंब तर्जनीवर घेतला आणि माह्तेच्या तोंडात घातला. माह्तेने डोळे मिटले. चोखलं. विचार केला. आणि मग सगळ्या ताकदीनिशी चावला.

"आई गंऽऽ!"

तित्तर उडाले. पलीकडच्या तीरावर कुत्रं भुंकलं. असं म्हणतात की भोकाखाली गळाजवळ आलेला मासाही त्या ओरडण्याने दचकून गिळायचं तेवढं गिळून बसला, कारण त्याच क्षणी राव्नाची दोरी ताणली गेली आणि गळाची काठी सरपटत भोकाकडे निघाली. पिएरा तिच्यावर पोटावर पडला आणि त्याने ती धरली. पण माशाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"चावला मेला!" राव्नाने बोट वर धरलं. बोटावर एक लालसर ठिपका होता, जो तिला दिसला नाही, पण चांगला ठणकत होता. "दात आहे! दात आला! मला आधी सापडला! सगळ्यांनी ऐकलंय!"

"ऐकलं, ऐकलं," आस्लात म्हणाला. त्याचा आवाज विचित्र झाला होता.

"गाब्बा त्याची! आत्तापासून. पोटातल्यासकट. आणि योसेत, तो कागद काढ बाहेर."

योसेत पाइप झटकत म्हणाला, "रीत पाहणाऱ्याची आहे ताई. चावून घेणाऱ्याची नाही."

"मी त्याला पाहिलं नसेल. त्याने मला पाहिलं!"

"तसं नाही चालत. नीट बघ आणि सांग, कुठला आहे."

राव्नाने माह्तेचं तोंड उन्हाकडे वळवलं. गुलाबी धुकं. तिने बोट कुठे चावलं ते आठवलं. "खालचा. पुढचा. हा काय, असा तांदळाच्या दाण्यासारखा."

"दोन आहेत," पिएरा काठी धरून पडल्या पडल्या म्हणाला.

"पिएरा!" सुन्ना ओरडली.

"मी कालच मोजलेत. सुन्ना म्हणाली बोलायचं नाही. तिनं तर मंगळवारीच पाहिलेला."

"तू गप्प बस! मी नाही पहिल्यांदा पाहिला! आईने पाहिला. मी सांगायला गेले तर आई म्हणाली, मला ठाऊक आहे, बोलू नकोस. मग बाबांना सांगायला गेले तर बाबा म्हणाले, आधीच ठाऊक आहे, बोलू नकोस. मग आजोबा म्हणाले, त्यांनी सगळ्यांच्या आधी पाहिलाय, आणि कुणीच बोलायचं नाही, आत्याआजीला दिसेपर्यंत." सुन्नाचा आवाज रडवेला झाला. "पण तिला दिसतच नाही ना! ती रोज बघते आणि तिला दिसतच नाही."

पठारावरची टिपटिप ऐकू येऊ लागली.

राव्ना बसल्या जागी बसून राहिली. तिला वाटलं, आपल्याखालचा बर्फ वितळला आहे आणि आपण कातड्यासकट अलगद पाण्यावर तरंगतो आहोत, कुठे चाललो ते आपल्याला ठाऊक नाही. चार वेळा मांडीत दिलेलं पोर. उन्हाकडे बघ. खालच्या बाजूला. आईचा चमचा, जो दाताला लागला की वाजला असता. आपण ज्याला टपून बसणं समजत होतो ते सगळे बसले होते खरे, पण आपल्यासाठी. आणि दगड. दगडाला हाक मारली तेव्हा कॉफीचं भांडं खाली ठेवलं होतं कुणीतरी.

"कधीपासून?" तिने विचारलं. ते दाताबद्दल नव्हतं.

"गेल्या शरदापासून," एले म्हणाली. ती जवळ येऊन बसली होती. तिच्या अंगाला चीजचा वास होता. "तुम्ही माझ्या आईला माझी आई समजून बोललात, तेव्हा मला वाटलं सगळं ठीक आहे. मग खुर्चीवरच्या तिच्या कोटाशीपण बोललात."

"तो कोट चांगला होता," राव्ना म्हणाली. "तुझ्या आईपेक्षा मन लावून ऐकत होता."

कुणी हसलं नाही. तिनेच मग विचारलं, आणि आवाज ताठ ठेवायचा प्रयत्न केला, "म्हणजे उद्या मी गावात. खिडकीपाशी."

आस्लातने बापाकडे पाहिलं. योसेत साल कापत होता. मान वर न करता तो म्हणाला, "ताई, गाब्बा कुठे आहे?"

"थट्टा करतोस?"

"विचारतोय."

राव्नाने डोळे मिटले. मिटले काय, उघडे काय, फरक थोडा. पण मिटल्यावर तळं मोठं झालं. घसरगाडीच्या पट्ट्यांवरून पाणी गळत होतं. शेकोटीत ओलं लाकूड फुसफुसत होतं. आणि मग तो आवाज आला, रेनडिअर चालताना घोट्यातून येतो तो, टिक, टिक, सावकाश, मागचा उजवा पाय जरा उशिरा. असा पाय त्या पठारावर एकीचाच होता.

"माझ्या डावीकडे. पंधरा पावलं. पिएराच्या घसरगाडीपाशी उभी आहे आणि काहीतरी ओढतेय. लोकर आहे. त्याची टोपी खातेय."

"माझी टोपी!" पिएरा किंचाळला. त्याने काठी सोडली, आस्लातने झेप घालून ती पकडली, आणि त्या गडबडीत हातभर लांब, लाल पोटाचा मासा भोकातून वर येऊन बर्फावर नाचू लागला. आता सगळे हसले. एले हसता हसता डोळे पुसत होती.

"आंधळी म्हणे," योसेत म्हणाला. "उद्या मागच्या स्लेजवर तू बसायचं. बाळ तुझ्याजवळ. पुढे गाब्बा राहील. तिला वाट पाठ आहे, आणि तिचा पाय कुठे अडतो ते तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. शरदात परत आल्यावर मात्र गावच्या डॉक्टरला डोळे दाखवायचे."

"दाखवीन. त्याला काही दिसलं तर मला सांगायला सांगा."

"बरं." त्याने हातातली साल झटकली आणि दोन तुकडे तिच्या तळव्यावर ठेवले. "कागद दाखवून काय उपयोग तुला? म्हणून हे कापलं. कागदावर जे आहे तेच आहे."

राव्नाने उजवा कान चिमटीत धरला. अंगठा टोकापर्यंत नेला. टोक छाटलेलं. ठीक आहे, ते दोघांचंही सारखंच. मग डावा. अंगठा मागच्या कडेवर ठेवला आणि हळूहळू खाली सरकवला. साल गार होती, किंचित चिकट. एक खाच लागली. अंगठा तिथे थांबला. पुढे जायचं धाडस त्याला होईना. एकतीस वर्षं तो तिथेच थांबला होता.

शेजारी योसेत पुन्हा ती धून गुणगुणू लागला होता, वर चढून मध्येच वळणारी. आता तिला ती ओळखू आली. आईने तिच्यासाठी केलेली, तिचीच.

अंगठा सरकला. दुसरी खाच तिथे होती.

ऊन तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि दुधातून पलीकडे काहीतरी सोनेरी हलत होतं.

"उथळ आहे," ती शेवटी म्हणाली. "तुला अजून दुसरी खाच नीट देता येत नाही."

"मग तू दे खोल करून."

"चाकू आण."

त्याने चाकू मुठीकडून तिच्या हातात दिला. तिने अंगठ्याच्या नखाने जागा धरली आणि केसाएवढी साल काढली. पुन्हा चाचपून पाहिलं. "हां. आता." मग, जरा थांबून, "दगडाजवळ मी खरंच मूर्ख दिसले का रे?"

"दगड मूर्ख दिसला," योसेत म्हणाला. "तू एवढी हाक मारलीस आणि आला नाही."

सुन्ना सरपटत जवळ आली आणि ते दोन कान बघायला लागली. "हे माह्तेचे? मग त्याला दे ना." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने डावा कान भावाच्या मुठीत कोंबला.

माह्तेने तो उलटसुलट केला, त्याला लाळ लावली आणि मग कडेने तोंडात घालून, आपल्या दोन नव्या दातांनी, मन लावून चावला.

"अरे अरे!" आस्लात ओरडला. "तिसरी खाच पाडतोय!"

राव्नाने दोन बोटांनी ती साल त्याच्या तोंडातून सोडवली, झग्याला पुसली, आणि दुसऱ्या कानाबरोबर आपल्या खिशात ठेवून दिली.

"ती आत्ता नको रे सोन्या," ती त्याच्या टोपीत म्हणाली. "ती तुझ्या पोरांसाठी ठेव."